माझ्या नंबराचं तेल

कुणी काहीही सांगो, आमच्या सोसायटीत तेलाची पाकिटं बंद करायचा विषय पहिल्यांदा काढला तो मी. आता चेअरमन पाहुण्यांना सांगतात, कमिटीनं ठरवलं. कमिटी त्या दिवशी नाकाला रुमाल लावून उभी होती. मी तिथंच होते म्हणून सांगते.

मंचरला बाजाराच्या मागं, अवसरीकडं जायच्या अंगाला आमची अठरा घरांची सोसायटी. नव्वद सालानंतर चार-सहा वर्षांत उभी राहिली. सगळे नोकरदार. मास्तर, एसटीवाले, बँकेतले, आणि आम्ही वीज मंडळातले. माझे मिस्टर वायरमन. पावसाळ्यात आहुप्याच्या बाजूची लाइन गेली की डोक्याला प्लास्टिकचा कागद बांधून निघायचे, ते दोन-दोन दिवस यायचे नाहीत. आम्ही बौद्ध. सासऱ्यांनी छप्पननंतर दीक्षा घेतलेली. सोसायटीत हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी त्यावर बोलत नव्हतं. न बोलणं म्हणजे मोठेपणा, असं मलाही तेव्हा वाटायचं.

सोसायटीच्या मागं मोकळं रान होतं. रानमालक तिथं दरवर्षी धनगराची मेंढरं बसवायचा, लेंडीखत मिळावं म्हणून. आणि आम्ही अठरा घरं कंपाउंडवरून त्याच रानात कचरा भिरकावायचो. दुधाच्या पिशव्या, तेलाची पाकिटं, सगळं. मीपण. खोटं कशाला बोलू?

एका सकाळी तो धनगर फाटकातून सरळ आत आला. खांद्यावर घोंगडी, हातात पाटी. चेअरमनच्या स्कूटरपुढं त्यानं पाटी उपडी केली. मेलेल्या मेंढीच्या पोटातून निघालेला गोळा होता तो. प्लास्टिकचा. शेण लागलेलं होतं तरी तेलाच्या पाकिटाचा पिवळा रंग ओळखू येत होता. सगळी सोसायटी गोळा झाली.

धनगर म्हणाला, "मंडळी, ह्यो तुमचा माल. ताब्यात घ्या. माझं मेंढरू तेवढं माघारी द्या."

चेअरमन निवृत्त मास्तर. ते म्हणाले, "भाऊ, भरपाईचं आपण कमिटीत बघू."

"भरपाई नगं, राव. तुमी खाऊन टाकायचं आन् माझ्या जनावरानं त्ये का खायाचं, त्येवढं सांगा."

तो रिकामी पाटी घेऊन निघून गेला. त्याच्या मेंढराचं दुःख त्याच्या तोंडावर होतं, आणि आमच्या तोंडावर वासाचा त्रास. मला आमची सगळ्यांची लाज वाटली. मी तिथंच म्हणाले, "आपण पाकीट आणायचंच बंद करू. अवसरी बुद्रुकला तेलाचा घाणा हाय. घरचे डबे न्यायचे, भरून आणायचे."

चेअरमन म्हणाले, "कल्पना चांगली आहे वहिनी, पण सगळ्यांची सोय बघावी लागेल."

सोय हा शब्द मी त्यांच्या तोंडून पुढं लई वेळा ऐकला. पण त्या दिवशी समोर तो गोळा पडलेला होता, त्यामुळं कुणाला नाही म्हणता आलं नाही. रविवारी मीटिंग झाली आणि ठरलं. महिन्याला एका घराचा नंबर. ज्याचा नंबर त्यानं सगळ्यांचे डबे गोळा करायचे, टमटममध्ये घालून घाण्यावर न्यायचे, शेंगतेल भरून आणायचं आणि वाटायचं. तेल चाललं तर पुढं गूळ, डाळी, साबण, सगळंच सुटं आणू, असंही बोलणं झालं. दुधाला किटली आणि बाजाराला कापडी पिशवी तर लगेच सुरू झाली.

पहिला नंबर चेअरमनच्या बायकोचा. दुसरा माझ्या शेजारणीचा, तिसरा बँकवाल्यांचा. चौथा माझा.

शेजारणीबद्दल सांगायला पाहिजे. माळकरी घर. कांदा-लसूणसुद्धा एकादशीला घरात दिसायचा नाही. बाई वाईट नव्हती, उलट चांगली होती, आणि हेच मला आजवर सलतं. माझे मिस्टर खांबावरून पडले तेव्हा रात्रभर माझ्या मुलीला हिनं आपल्या कुशीत निजवलं. आमच्या गृहप्रवेशाला सोसायटीतल्या कुणी वाटी दिली, कुणी ताट, हिनं पाच लिटरचा कडीचा स्टीलचा डबा दिला. चांगला जाडजूड.

तीन महिने तेल छान आलं. घाण्याच्या तेलात भजी तळली की वास चार घरं जायचा. शेजारीण कट्ट्यावर बसून म्हणायची, "ताई, आवंदाच्या तेलाला काय चव हाय गं. पाकिटाच्या तेलाला अशी चव कधी लागली न्हाई."

मी मनातल्या मनात फुगायचे. माझीच कल्पना ना.

मग माझा नंबर आला. सकाळी नऊला मी दारोदार निघाले. पहिल्या घरी उत्तर मिळालं, तेल शिल्लक हाय. दुसऱ्या घरी, या महिन्यात पावणं-रावळं आलं न्हाई, पुरंल. तिसऱ्या घरी, डॉक्टरांनी तेलकट बंद केलंय. चेअरमनीणबाई म्हणाल्या, "आम्ही दोघंच, आम्हाला लागतं किती?" शेजारीण दारात उभी राहून म्हणाली, "माझा अजून अर्धा डबा हाय, ताई. पुढच्या महिन्याला बघू." अठरा घरांतून, माझा धरून, सहा डबे निघाले.

आणि माझं डोकं बघा किती सरळ. घरी येऊन मिस्टरांना सांगते, "बघा, बायका तेल कसं जपून वापरायला लागल्या. पाकीट असलं की हात सैल सुटतो."

मिस्टर बूट घालत होते. त्यांनी माझ्याकडं नुसतं बघितलं. त्यांना तेव्हाच कळलं होतं. मला नाही.

घाण्यावरचा माणूस म्हणाला, "आज डबं कमी दिसत्यात, वहिनी?" मी ऐटीत म्हणाले, "काटकसर चालू हाय आमच्यात." सहा डबे घेऊन ताठ मानेनं आले. वाटायला पंधरा मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

पाच-सहा दिवसांनी कचऱ्याच्या खड्ड्याकडं गेले. मेंढीच्या प्रकारानंतर आम्ही कंपाउंडच्या आत खड्डा केला होता. तर वरच तेलाची पाकिटं पडलेली. ताजी, आतून अजून ओशट. मी चिडले. म्हटलं, कोण हा शहाणा नियम मोडणारा? सगळी पाकिटं वेचली. बारा भरली. तशीच तरातरा कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात गेले आणि विचारलं, ही कुणी नेली?

दुकानदार भला माणूस. त्याच्या मनात काही नव्हतं. म्हणाला, "अहो, तुमच्याच सोसायटीतल्या बारा जणी येऊन गेल्या की. मी म्हटलं, घाणा बंद पडला का काय?"

न मिळालेले डबे बारा. पाकिटं बारा. मी सातवीपर्यंतच शिकले, पण एवढं गणित मला येतं.

मला रडू आलं नाही. तळपायाची आग मस्तकात गेली. दुकानापासून घरापर्यंत मी कशी आले ते आठवत नाही. एकच गोष्ट डोक्यात फिरत होती. ते पाकीट कुठल्या कारखान्यात भरलं, कुणी भरलं, त्याचा हात कसला, त्याची आई कोण, हे या बाराजणींतल्या एकीनं तरी कधी विचारलं होतं का? पाकिटात काय आहे तेसुद्धा धड माहीत नाही, पण ते चालतं. कारण त्याच्यावर माणसाचा हात दिसत नाही. उघडा डबा आला की मात्र तो कुणाच्या हातचा हे बघायचं. लोकांना पाकीट सोडवत नाही ते का, हे मला त्या दिवशी कळलं. उगाच आम्ही प्लास्टिकवर राग काढत बसलो होतो.

बाराही पाकिटं मी साबणानं धुतली आणि पुढच्या अंगणात, रस्त्याला दिसेल अशी, दोरीवर चिमटे लावून वाळत घातली. एका ओळीत.

संध्याकाळी मिस्टर आले. दोरीकडं बघून म्हणाले, "कशाला वाकड्यात शिरतेस? सोड ना."

"न्हाई सोडणार."

"अगं, याच लोकांत राहायचंय आपल्याला."

"राहायचंय म्हणूनच न्हाई सोडणार. पाहुणी असते तर गप जेवून उठले असते."

ते हसले नाहीत, पण दोरीपण काढली नाही. तेवढंच पुरेसं होतं मला.

राग आला की मला भांडी घासायची सवय. त्या दिवशी घरातलं सगळं स्टील काढलं. तेलाचा डबा दुसऱ्या भांड्यात रिता केला आणि उपडा करून घासायला घेतला, तर बुडावरचं नाव वेगळंच. आपल्याकडं भांड्यावर नाव कोरतात ते देणाऱ्याचं. अमक्याकडून सप्रेम भेट. घर माझं असलं तरी डब्यावर नाव शेजारणीच्या नवऱ्याचं असायला पाहिजे, कारण दिला होता तिनं. आणि या डब्यावर नाव होतं शेजारणीच्या भावाचं.

मी तिथंच मोरीत बसून विचार केला तेव्हा उलगडा झाला. शेजारणीला तिच्या भावानं असाच डबा दिलेला. तिला तो आवडला म्हणून तिनं त्याच दुकानातून तसाच मला घेतला. दोन्ही डबे जुळ्या भावांसारखे. पहिल्या महिन्यात चेअरमनीणबाईंनी नावं वाचून डबे वाटले. शेजारणीच्या नवऱ्याचं नाव दिसलं, डबा गेला शेजारणीकडं. भावाच्या नावाचा सोसायटीत कुणी नाही, आणि डबा न मिळालेली मी एकटीच उरले. तो आला माझ्याकडं. पुढच्या नंबरांना डब्यांवर घरांच्या चिठ्ठ्या लावल्या, त्यामुळं दोघींनीही बूड काही बघितलं नाही. म्हणजे तीन महिने तिच्या ओट्यावर माझा डबा होता आणि माझ्या ओट्यावर तिचा.

आता खरी गंमत सांगते. तेलाची पद्धत सुरू होईपर्यंत सहा वर्षं माझ्या त्या डब्यात मी सुकट ठेवत होते. चिंच लावून, राख लावून, उन्हात ठेवून तो मी घाण्यावर पाठवला होता, नाही असं नाही. पण "आवंदाच्या तेलाला काय चव हाय" हे वाक्य मला आठवलं आणि मी एकटीच मोरीत बसून हसले. हसता हसता मग रडले. दोन्ही झालं.

चौथ्या दिवशी चेअरमननी मीटिंग बोलावली. त्यांच्याच पोर्चमध्ये, सतरंजीवर. सुरुवातीलाच म्हणाले, "वहिनी, ती पाकिटं काढून टाका. बाहेरच्या माणसाला बरं दिसत नाही."

"आतल्या माणसाला बरं दिसतं का?" मी विचारलं.

त्यांनी घसा खाकरला आणि पुढचं काढलं. नंबर पद्धतीनं बायकांना फार धावपळ होते. त्यापेक्षा सगळ्यांच्या सोयीसाठी घाणेवाल्यालाच तेल पोच करायला सांगू. म्हणजे नंबरच नको. सगळ्या माना हलल्या. किती छान तोडगा. कुणाचं नाव नाही, कुणाला बोल नाही, आणि माझा नंबर कायमचा पुसला. धनगराच्या मेंढीपासून सुरू झालेलं काम चालू राहणार होतं, फक्त त्यातून माझा हात काढून टाकायचा होता.

मी उभी राहिले. म्हणाले, "तीन नंबर झाले तेव्हा कुणाची धावपळ झाली न्हाई. माझा नंबर आला आन् सगळ्यांचं तेल शिल्लक राहिलं. मला कळत न्हाई असं समजू नका. हरकत न्हाई, नंबर बंद करा. पण प्रोसिडिंग बुकात खरं कारण लिहा. हिच्या हातचं तेल नको, असं मराठीत लिहा, आन् ज्याला ज्याला नको त्यानं खाली सही करा. मग मी गप बसते."

चेअरमनच्या हातात पेन उघडं होतं. कुणीतरी म्हणालं, "असं कुठं काय हाय, उगं गैरसमज." बँकवाल्यांची बायको सतरंजीचे दोरे ओढत बसली. सही करायला कुणी उठेना. मनातलं मनात ठेवायला कुणाची ना नव्हती. कागदावर यायला मात्र सगळ्यांची ना होती.

"आन् दुसरं," मी पिशवीतून डबा काढला आणि शेजारणीपुढं ठेवला. "बुडाचं नाव वाचा. ह्यो तुमच्या भावाचा डबा. तीन महिने माझ्या घरात हाय. माझा तुमच्या घरात. तुमी तीन महिने माझ्याच डब्यातलं तेल खाल्लंत, आन् चव हाय म्हणालात. काय झालं? कुणाला काय झालं का?"

तिनं डबा उपडा केला, नाव वाचलं. तिचा चेहरा उतरला. मला वाईट वाटलं का? वाटलं. पण थांबावंसं वाटलं नाही. सुकटीचं मात्र मी बोलले नाही. तेवढं पोटात ठेवलं, आज पहिल्यांदा लिहितेय.

शेवटी म्हणाले, "हा नंबर वाया गेला, म्हणून पुढचा महिना परत माझा. आन् आता मी दारोदार डबे मागत फिरणार न्हाई. ज्याला तेल पाहिजे त्यानं माझ्या घरी डबा आणून द्यायचा. दारातून न्हाई. आत यायचं, बसायचं, चहा घ्यायचा, मग डबा द्यायचा."

चेअरमननी पेनाचं टोपण लावलं. ठराव झाला नाही, म्हणजे नंबर राहिला.

तो महिना लई लांबला. कट्ट्यावर मी गेले की बोलणं बदलायचं. पाकिटं मी काढली नाहीत. उन्हानं त्यांचा रंग उडाला. मिस्टर एकदाच म्हणाले, "आणि कुणीच आलं न्हाई तर?" मी म्हणाले, "तर आपला एक डबा घेऊन जाईन. टमटमचं भाडं देऊन." म्हणायला म्हणाले, पण मनातून खात्री नव्हती. या घराचे हप्ते भरताना आम्ही सणाला कापड घेतलं नव्हतं. याच लोकांत मरायचं होतं, आणि त्यांनी मला पाकिटापेक्षा परकी धरली तर मी जाणार कुठं?

तो दिवस उजाडला. मी मोठं पातेलं ठेवलं, आलं ठेचून घातलं. पहिल्यांदा आले ते गेल्या वेळचे पाच. एसटीतल्या कंडक्टरची बायको म्हणाली, "साखर जरा जास्त घाला, वैनी, आज राबायचंय." मग बँकवाल्यांची बायको आली. तिनं चहा भुर्रकन प्यायला, जीभ पोळली असणार. मग आणखी दोघी, एकीला एकटीला यायचं धाडस नव्हतं म्हणून जोडीनं. चेअरमनीणबाई आल्या नाहीत. त्या शेवटपर्यंत आल्या नाहीत, आणि त्यांच्याकडं पाकीट येतं हे सगळ्या सोसायटीला माहीत आहे.

टमटमवाल्यानं हॉर्न दिला. मी पदर खोचून डबे उचलणार, तर दारात शेजारीण. हातात कडीचा डबा, माझाच. मीटिंगमधून तिच्या भावाचा डबा मी परत घरी आणला होता, बदलून घ्यायचं आमच्या दोघींकडूनही राहिलं होतं. डोळे सुजलेले. घरात काय झालं असेल ते मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही.

"डबा आणलाय," ती म्हणाली.

"आत या."

ती आत आली. दिवाणाच्या कडेला बसली. तेव्हा माझ्या लक्षात आलं की भिंतीला भिंत लावून सहा वर्षं राहिलो, पण ही बाई माझ्या घरात कधी पाणीसुद्धा प्यायली नव्हती. दर वेळी उपास असायचा. सहा वर्षांत इतके उपास, आणि मी एकदाही मोजले नाहीत.

मी कप हातात दिला. तिनं थोडा वेळ नुसता धरला. मग प्यायली. घाई केली नाही, शेवटच्या घोटापर्यंत प्यायली. बाहेर हॉर्न वाजत होता, वाजू दे म्हटलं.

पिऊन झाल्यावर ती उठली आणि रिकामा कप घेऊन सरळ मोरीकडं गेली. नळ सोडला. तिच्या मनात काही वाईट नसणार, बायका जातातच कप घेऊन मोरीत. पण माझ्या डोळ्यांपुढं माझे वडील आले. आमच्या गावच्या हॉटेलात त्यांचा कप बाहेर वळचणीला ठेवलेला असायचा. वरून ओतलेला चहा प्यायचा, कप स्वतः विसळायचा आणि तिथंच उपडा ठेवून यायचं. मी त्यांचं बोट धरून उभी असायचे. ते कप विसळताना माझ्याकडं बघायचे नाहीत.

मी जाऊन नळ बंद केला.

"ठेवा तो कप," मी म्हणाले. "आमच्या घरात पावण्याला कप विसळायला लावत न्हाईत."

तिनं कप ओट्यावर ठेवला. मी तिनं आणलेला डबा उचलला आणि टमटमकडं निघाले.